रिकाम्या चर्चचं करायचं काय?

पश्चिम लंडनच्या वेस्ट केन्सिंग्टन भागात तबला शिकायला जाणारा विद्यार्थी एका जुन्या चर्चच्या दारातून आत शिरतो. कन्हैयालाल मुन्शींनी १९३८ साली मुंबईत स्थापन केलेल्या भारतीय विद्या भवनाची लंडन शाखा १९७२ मध्ये सुरू झाली आणि त्याच दशकात तिने ही वापरात नसलेली वास्तू घेतली. आज तिथे कथक, भरतनाट्यम, सतार, गायन, संस्कृत यांचे वर्ग भरतात आणि मैफली होतात. भवनाने हे केलं तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. युरोप आणि उत्तर अमेरिकेत बंद पडलेल्या चर्चचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर आला होता आणि ‘कलाकेंद्र करा’ हे त्याचं सर्वांत लोकप्रिय उत्तर ठरत चाललं होतं.

गेल्या साठेक वर्षांत या उत्तराची पुरेशी परीक्षा झाली आहे. काही ठिकाणी ते झकास जमलं, काही ठिकाणी पार फसलं. जमण्या-फसण्याची कारणं वास्तूत जितकी सापडतात, त्याहून जास्त ती चालवणाऱ्या माणसांत सापडतात.

इतकी चर्चेस रिकामी का?

आधी व्याप्ती पाहू. चर्च ऑफ इंग्लंडकडे आजही सुमारे १६,००० चर्चेस आहेत आणि त्यांतली १२,००० हून अधिक संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. १९६९ पासून या पंथाने सुमारे २,००० चर्चेस अधिकृतपणे बंद केली. नेदरलँड्समध्ये ‘ट्राउ’ या दैनिकाने २०१९ साली केलेल्या पाहणीत देशातल्या साधारण पाचातल्या एका चर्चचा वापर बदललेला आढळला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २००३ साली १९७५ पूर्वी बांधलेल्या प्रार्थनास्थळांची मोजणी झाली. तो आकडा २,७५१ होता. त्यांतली शेकडो पुढच्या दोन दशकांत बंद झाली, विकली गेली किंवा पाडली गेली.

‘लोकांची श्रद्धा उरली नाही’ हे याचं ठरावीक कारण सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. दुसरं कारण असं, की मुळात चर्चेस गरजेपेक्षा जास्त बांधली गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत प्रत्येक पंथाला प्रत्येक नव्या वस्तीत आपलं चर्च हवं होतं. अँग्लिकन चर्चच्या समोर मेथडिस्ट, त्याच्या पलीकडे बॅप्टिस्ट असा मामला होता. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावात सेंट मेरीज नावाचं लहानसं जुनं चर्च होतं. गावात रेल्वे आली, वस्ती वाढली, आणि रस्त्याच्या पलीकडे सेंट आल्बन्स हे कॅथेड्रलच्या तोडीचं चर्च १८८९ साली उघडलं. त्याचा सभामंडप ठरल्याइतका लांब कधी झालाच नाही. पैसे अपुरे पडले. अखेर १९७७ साली भाविकांनी हे अवाढव्य चर्च सोडलं आणि ते रस्ता ओलांडून पुन्हा लहान सेंट मेरीजमध्ये गेले.

शहरांच्या मध्यभागांतली गोष्ट वेगळी. तिथली घरं गेली, कचेऱ्या आल्या, आणि रविवारी चर्चला यायला माणूसच उरला नाही. क्वेबेकमध्ये तर शाळा, दवाखाने, समाजकार्य हे सगळं कॅथलिक चर्चच्या हाती होतं. १९६० च्या दशकात ते सरकारने आपल्याकडे घेतलं आणि एका पिढीत चर्चेस ओस पडली.

धर्म काय म्हणतो, कायदा काय म्हणतो

कॅथलिक धर्मकायद्याच्या १२२२ व्या कलमानुसार बिशपला एखादं चर्च ऐहिक वापरासाठी मोकळं करता येतं. मात्र तो वापर अशोभनीय असता कामा नये. ही मर्यादा नेमकी कुठे, यावर वाद होत राहिले. रंगमंच चालेल का, मद्यालय चालेल का, नाइटक्लबचं काय? नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकनच्या पुढाकाराने रोममध्ये याच विषयावर परिषद भरली. व्यापारी वापरापेक्षा सांस्कृतिक आणि समाजोपयोगी वापराला झुकतं माप द्यावं, असा तिचा एकूण सूर होता.

चर्च ऑफ इंग्लंडची पद्धत अधिक दफ्तरी आहे. चर्च बंद करायचा ठराव होतो, मग नवा वापर शोधायला मुदत मिळते. विक्री किंवा भाडेपट्टा करताना करारात अटी घातल्या जातात: इथे जुगार नको, अमुक फेरफार नकोत, पुरलेल्यांच्या नातेवाइकांना येऊ द्या. वापर सापडला नाही आणि वास्तू असामान्य असेल, तर ती १९६९ साली स्थापन झालेल्या संवर्धन न्यासाकडे जाते. या न्यासाकडे आज ३५० हून अधिक चर्चेस आहेत. बाकीच्यांच्या नशिबी पाडकाम येतं. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट यांसारख्या अनेक प्रॉटेस्टंट पंथांना मात्र इमारत म्हणजे जमण्याची जागा एवढंच वाटतं. तिच्यावर पावित्र्याचा संस्कार झालेला नसतो, त्यामुळे ती विकताना फारशी घालमेल होत नाही.

या सगळ्यापासून सोव्हिएत राजवटीतली बळजबरीची रूपांतरं वेगळी काढली पाहिजेत. लेनिनग्राडच्या नेव्हस्की रस्त्यावरचं सेंट पीटर्स हे ल्युथरन चर्च सरकारने ताब्यात घेतलं आणि १९६२ साली तिथे पोहण्याचा तलाव केला. १९९० च्या दशकात चर्च परत मिळालं, पण तलाव काढला तर इमारतीला धोका, म्हणून त्याच्यावरच नवी जमीन घालावी लागली. आज प्रार्थना होते ती तलावाच्या हौदाच्या डोक्यावर. पुढच्या पिढीला उलटवता येणार नाही असा बदल करू नये, हा संवर्धनशास्त्राचा नियम यापेक्षा ठळकपणे कुठे दिसणार?

सुराला मानवणारी वास्तू

चर्चचं रूपांतर सगळ्यांत सहज होतं ते संगीतगृहात. उंच छत, दगडी भिंती, समोर तोंड करून बसलेले लोक, सगळं तयारच असतं. लंडनचं सेंट जॉन्स स्मिथ स्क्वेअर हे टॉमस आर्चरने बांधलेलं, १७२८ साली पूर्ण झालेलं चर्च मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि १९६९ मध्ये संगीतगृह म्हणून पुन्हा उभं राहिलं. ब्रिटिश म्युझियमचा वास्तुकार रॉबर्ट स्मर्कने बांधलेल्या ब्रिस्टलच्या सेंट जॉर्जेसमध्ये १९७० च्या दशकात बीबीसीने दुपारच्या मैफली ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि चर्चला आपली दुसरी ओळख सापडली. मॉन्ट्रियलच्या कलासंग्रहालयाने शेजारचं १८९४ चं चर्च घेऊन २०११ मध्ये तिथे बूर्जी सभागृह उघडलं. टिफनीच्या कारखान्यात घडलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या त्यात जागच्या जागी आहेत.

पण ‘चर्चमध्ये आवाज छान घुमतो’ हे अर्धवट शहाणपण आहे. घुमणं किती हवं, ते कलेवर ठरतं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने दाखवून दिलं, की आवाज किती वेळ रेंगाळणार हे जागेच्या घनफळावर आणि आतल्या वस्तू किती आवाज शोषतात यावर अवलंबून असतं. नाटकातला संवाद कळायचा तर आवाज सेकंदभरात विरायला हवा. वाद्यवृंदाला दोनेक सेकंद लागतात. मोठ्या दगडी चर्चमध्ये तो चार-पाच सेकंद, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. ऑर्गन आणि समूहगानाला हे वरदान आहे. द्रुत लयीतल्या तबल्याचे बोल मात्र एकमेकांत मिसळून जातात आणि विनोदी नाटकातला हशा पुढच्या वाक्याला गिळून टाकतो. त्यातून लाकडी बाकं काढली, की आवाज शोषणाऱ्या गोष्टी आणखी कमी होतात. म्हणून जाणकार वास्तुकार सरकते जाड पडदे लावतात: मैफलीला उघडायचे, भाषणाला ओढायचे.

एक रूपांतर जवळून पाहण्यासारखं आहे. लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवरचं सेंट ल्यूक्स हे चर्च १७३३ चं. जॉन जेम्स आणि निकोलस हॉक्समूर हे त्याचे वास्तुकार, आणि त्याचा मनोरा चक्क इजिप्तच्या ओबेलिस्कसारखा. जमीन दलदलीची असल्याने इमारत सुरुवातीपासून खचत होती. १९५९ मध्ये ते बंद झालं. छत धोकादायक ठरवून उतरवलं, आतला ऑर्गन दुसऱ्या चर्चला दिला आणि पुढची चाळीस वर्षं नुसत्या भिंती उभ्या राहिल्या. आत झाडं वाढली. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला तेव्हा तालमीसाठी आणि संगीतशिक्षणासाठी जागा हवी होती. काम सुरू झालं तेव्हा तळघरातून आणि आवारातून हजारावर मृतांचे अवशेष रीतसर बाहेर काढावे लागले. जुन्या भिंतींवर नव्या छताचा भार टाकणं शक्य नव्हतं, म्हणून आत फांद्या फुटल्यासारखे पोलादी खांब उभारून त्यांच्यावर छत तोललं. विटांतल्या भेगा, उडालेलं प्लास्टर तसंच ठेवलं; गिलावा करून जुनं चर्च पुन्हा बांधल्याचा आव आणला नाही. २००३ मध्ये केंद्र सुरू झालं. तिथे वाद्यवृंदाच्या तालमी होतात, शाळेची मुलं येतात, आणि परिसरातल्या लोकांसाठी इंडोनेशियातल्या गामेलान वाद्यांचा मेळही चालवला गेला.

शेजाऱ्यांची केंद्रं

मोठ्या वाद्यवृंदाचं पाठबळ सगळ्यांना कुठून मिळणार? समाजाचं कलाकेंद्र म्हणायचं तर टेडिंग्टनकडे परत वळावं लागतं. सेंट आल्बन्स बंद झाल्यावर ते पाडायचा विचार चालला होता. गावकरी आडवे आले. नाटककार नोएल कॉवर्डचा जन्म याच गावातला, त्याचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला होता, त्याचे वडील तिथे गात असत. या आठवणीही कामी आल्या. पण लढ्याचा खरा आधार ‘आम्हाला ही जागा वापरायची आहे’ असं सांगणारे स्थानिक गट होते. १९९५ मध्ये तिथे लँडमार्क आर्ट्स सेंटर सुरू झालं. मैफली, चित्रप्रदर्शनं, हस्तकलेचे बाजार, मुलांचे आणि मोठ्यांचे वर्ग असा त्याचा दिनक्रम आहे. त्यात डोळे दिपवणारं काही नाही, आणि तेच त्याचं यश आहे.

नॉर्विच शहरात तटबंदीच्या आत तीसेक मध्ययुगीन चर्चेस आहेत. इतक्यांना भाविक पुरणं कधीच शक्य नव्हतं. १९७३ मध्ये तिथे स्वतंत्र न्यास स्थापन झाला. वापरातून गेलेली चर्चेस नगरपालिकेकडून त्याच्याकडे आली. न्यासाने ती माफक भाड्याने द्यायची, देखभालीवर लक्ष ठेवायचं, अशी व्यवस्था ठरली. त्यातल्या सेंट जेम्स चर्चमध्ये १९८० साली कळसूत्री बाहुल्यांचं रंगमंदिर सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. एकेका चर्चसाठी स्वतंत्र लढा देण्यापेक्षा शहरभराच्या चर्चसाठी एक व्यवस्था, हा नॉर्विचचा धडा फार थोड्या शहरांनी गिरवला.

अॅमस्टरडॅमच्या पॅराडिसोची कथा थेट बंडखोरीची आहे. १९६७ मध्ये हिप्पी तरुणांनी या रिकाम्या चर्चमध्ये घुसून ते बळकावलं. नगरपालिकेने त्यांना हुसकावलं, पण लगेच पुढच्या वर्षी तिथेच युवक केंद्र उघडू दिलं. आज युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या संगीतस्थळांत त्याची गणना होते. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १९९५ मध्ये एका जुन्या मेथडिस्ट चर्चच्या मनोऱ्याचे दगड निखळून पडू लागले आणि ते पाडायची भाषा सुरू झाली. त्याच शहरातली गायिका अॅनी डिफ्रँको पुढे आली. तिने चर्च घेतलं, त्यात आपल्या ध्वनिमुद्रण कंपनीची कचेरी, मैफलीचं दालन आणि एक समकालीन कलादालन आणलं.

डब्लिनच्या स्मॉक ॲलीने तर हे चक्र पूर्ण फिरवलं. १६६२ चं हे नाटकगृह अठराव्या शतकात बंद पडलं, गोदाम झालं, १८११ पासून त्या जागी कॅथलिक चर्च उभं राहिलं. १९८९ मध्ये चर्च बंद झालं आणि २०१२ मध्ये तिथे पुन्हा नाटकगृह उघडलं.

छत मिळतं, वीजबिल कोण भरणार?

रूपांतराच्या चर्चेत सगळा भर भांडवली खर्चावर असतो. छत, मनोरा, खिडक्या यांसाठी वारसा निधी असतात, लॉटरीतून अनुदान मिळतं, दानशूर पुढे येतात, भिंतीवर त्यांचं नाव लागतं. खरी कसोटी उद्घाटनानंतर लागते. चाळीस फूट उंचीची दगडी जागा हिवाळ्यात गरम ठेवायची म्हणजे गरम हवा छताकडे निघून जाते आणि प्रेक्षक कोट घालून कुडकुडत बसतात. जमिनीखालून उष्णता द्यायची तर जमिनीत थडगी असतात. मध्ययुगीन चर्चला स्वच्छतागृह नसतं, विंग नसते, सामानाची खोली नसते. खिडक्यांतून उजेड येतो, त्यामुळे दुपारच्या नाटकाला अंधार करणं कठीण. इंग्लंडमध्ये छतात वटवाघळं असली तर त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना हात न लावता काम करावं लागतं. बाकं काढायची म्हटली तर ती वारसा असल्याचं सांगत व्हिक्टोरियन वास्तूंचे अभ्यासक उभे राहतात, आणि त्यांचं म्हणणं अनेकदा बरोबर असतं.

नुसत्या तिकिटांवर ही गणितं सुटत नाहीत. जी केंद्रं टिकली, त्यांनी कमाईची दुसरी वाट शोधली. ग्लासगोच्या ओरान मोर या माजी चर्चमध्ये २००४ पासून उपाहारगृह, मद्यालय आणि लग्नसमारंभ यांच्या जोडीला दुपारचं नाटक चालतं. डेव्हिड मॅक्लेनन या रंगकर्मीने सुरू केलेल्या या उपक्रमात एकाच तिकिटात तासाभराचं नाटक, एक ‘पाय’ (सारण भरलेली पेस्ट्री) आणि एक पेय मिळतं, आणि जवळपास दर आठवड्याला नवं नाटक उभं राहतं. वर सभागृहाच्या छतावर अॅलस्डेअर ग्रे या लेखक-चित्रकाराचं भव्य चित्र आहे. सोवळ्या लोकांना मद्य खटकतं, पण स्कॉटलंडमधल्या कित्येक नव्या नाटककारांना पहिला रंगमंच या खानपानाच्या जोरावर मिळाला, हेही विसरता येत नाही.

कमाई हाच हेतू झाला, तर काय होतं याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. मॅनहॅटनमधलं एक एपिस्कोपल चर्च आधी व्यसनमुक्ती केंद्राला विकलं गेलं आणि १९८३ मध्ये तिथे लाइमलाइट नाइटक्लब सुरू झाला. अमली पदार्थांच्या प्रकरणांनी तो गाजला आणि अखेर बंद पडला. नंतर त्याच वास्तूत दुकानं थाटली गेली. भिंती वाचल्या, जागा मात्र कुणाचीच राहिली नाही.

जागा कुणाची?

या चळवळीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. चर्च बंद होतं तेव्हा फक्त प्रार्थना थांबत नाही. तळघरातली अन्नवाटप योजना, शेजारच्या खोलीतली बालवाडी, व्यसनमुक्तांची साप्ताहिक बैठक, म्हाताऱ्यांचा चहा हे सगळं थांबतं. फिलाडेल्फियातल्या पार्टनर्स फॉर सेक्रेड प्लेसेस या संस्थेच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे, की जुन्या शहरी चर्चमधल्या समाजोपयोगी उपक्रमांचा लाभ घेणारे बहुतांश लोक त्या चर्चचे सदस्य नसतात. तिथे चकचकीत कलादालन आलं, मद्याचा पेला हातात घेऊन उद्घाटनं होऊ लागली, तर त्या वस्तीच्या दृष्टीने जागा दुसऱ्यांदा बंद झाली. पाठोपाठ घरभाडी वाढली, तर दोष कलेच्या माथी येतो.

यावर काही ठिकाणी मधला मार्ग निघाला. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या युनियन चॅपलने प्रार्थना बंदच केली नाही. रविवारी उपासना, इतर संध्याकाळी नावाजलेल्या गायकांच्या मैफली आणि त्याच इमारतीत बेघरांसाठी मदतकेंद्र. मँचेस्टरच्या अँकोट्स या जुन्या गिरणीभागातलं, १९६० मध्ये बंद झालेलं सेंट पीटर्स चर्च २०१३ पासून हॅले वाद्यवृंदाचं तालीमघर झालं. तिथे वाद्यवृंदाची समूहगान पथकंही सराव करतात. म्हणजे शेजारच्या माणसाला तिकीट काढून बसण्याखेरीज आणखी काहीतरी करायला मिळतं. समाजकेंद्र आणि नुसतं सभागृह यांत हाच फरक आहे.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा प्रश्न या स्वरूपात नाही. वसईत किंवा वांद्र्यात रविवारी चर्चमध्ये जाऊन पाहावं, रिकाम्या बाकांची चिंता तिथे कुणाला नाही. आपल्याकडे आहेत ती इतिहासाने ओस पाडलेली चर्चेस. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर किल्ल्यातली पोर्तुगीज चर्चेस हळूहळू भग्न झाली. आज ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, सिनेमाच्या चित्रीकरणासाठी ओळखीची आहेत. त्यांच्यावर सेंट ल्यूक्ससारखं नवं छत चढवणं कायद्यात बसत नाही आणि तशी गरजही नाही.

गोव्यात मात्र सौम्य वाट सापडली. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या मोंते चॅपलची फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने डागडुजी झाली आणि तिथे संगीत महोत्सव सुरू झाला. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य शास्त्रीय रचना एकाच ठिकाणी ऐकायची सोय झाली. त्याच परिसरातल्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. राशोल इथे १९९४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय २००२ मध्ये इथे आलं. दोन्ही ठिकाणी वास्तूत मोडतोड न करता नवा वापर आणला गेला.

हिशेब

सगळी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली, की एक क्रम दिसतो. पॅराडिसोत तरुण आधी शिरले, परवाना नंतर आला. ब्रिस्टलला मैफली आधी सुरू झाल्या, नूतनीकरण नंतर झालं. सेंट ल्यूक्सला वाद्यवृंदाची गरज होती, टेडिंग्टनला गावकऱ्यांचा हट्ट. वापरणारे आधी, वास्तुकार नंतर, हा क्रम जिथे पाळला गेला तिथे केंद्र टिकलं. जिथे ‘सुंदर वास्तू आहे, काहीतरी करू’ एवढ्यावर काम सुरू झालं, तिथे काही वर्षांत दाराला पुन्हा कुलूप लागलं किंवा मालक बदलत राहिले.

हा निष्कर्ष चर्चपुरता नाही. आपल्याकडे बंद पडलेली एकपडदा सिनेमागृहं असोत, गिरणीची शेड असो किंवा पालिकेने थाटात उघडलेलं आणि पाच वर्षांत गळू लागलेलं नाट्यगृह असो, दुखणं तेच आहे. बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. म्हणून कुठल्याही रिकाम्या वास्तूचं कलाकेंद्र करण्याचा प्रस्ताव आपल्या गावात आला, तर संकल्पचित्र पाहण्याआधी दोन कागद मागावेत: आजच जागा मागणाऱ्या गटांची यादी आणि पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचं अंदाजपत्रक. हे दोन कागद नसतील, तर तो प्रस्ताव मंजूर करू नये.